ग्रेगरीसाहेबांच्या खात्यातला माणूस

शनिवारी दुपारी मी आमच्या चर्चमधल्या पापनिवेदनाच्या खोलीत जाऊन बसतो. मध्ये जाळी, जाळीपलीकडे गुडघे टेकायची फळी. माणसं येतात, टेकतात, आवाज खाली घेतात आणि सांगू लागतात. मी ऐकतो. इतकी वर्षं हे काम केल्यामुळे पलीकडून काहीही आलं तरी दचकायचं नाही, एवढं मला जमलेलं होतं. तरी त्या दिवशी मी दचकलो. जाळीपलीकडून खणखणीत मराठी आली.

"फादरसाहेब, पाप काही नाही. रिपोर्ट आहे."

हे मुळेकाका. श्रीपाद गोविंद मुळे, खानदेशातल्या एका क वर्ग नगरपालिकेचे निवृत्त मुख्याधिकारी. काकू गेल्यावर मुलाने, अभिजितने, त्यांना इथे डब्लिनला आणलं. हे डब्लिन ओहायोतलं. मुलगा आणि सून केतकी दोघंही कंपनीत, नात ईरा शाळेत. काका ख्रिस्ती नव्हते आणि होण्याचा त्यांचा काही विचारही नव्हता. गळ्यात जानवं, डोक्याला माकडटोपी, अंगात मुलाच्या कंपनीचं नाव छापलेलं जाकीट. पापनिवेदनाला ते येत याचं कारण साधं होतं. "इथे बसलात की तुम्हाला उठून जाता येत नाही," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं.

ते पापं सांगत नव्हते आणि ख्रिस्तीही नव्हते, तेव्हा त्यांचं बोलणं गुप्त ठेवण्याचं बंधन मला लागू होत नाही. लिहायला बसण्यापूर्वी मी हे नीट तपासून पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं. असल्या गोष्टी पुन्हा पुन्हा तपासणं हा माझा स्वभाव आहे.

बाहेर रांगेत बसलेल्या अमेरिकन आजीबाईंना काकांबद्दल फार कुतूहल. बाकीची मंडळी आपापली पापं चार मिनिटांत उरकून बाहेर पडतात. हा टोपीवाला गृहस्थ मात्र अर्धा अर्धा तास आत, आणि मधूनमधून मोठ्याने हसण्याचा आवाज. इतकी पापं, आणि तीही अशी मजेत! एका आजीबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "फादर, त्या बिचाऱ्यासाठी मी रोज वेगळी प्रार्थना करते. चालेल ना?" मी चालेल म्हटलं. खरं काय ते तोंडावर सांगणं मला कधीच जमलेलं नाही.

काकांची आणि माझी गाठ पडली ती थंडीमुळे. मी वसईचा. एका सकाळी चर्चच्या दारात उभा राहून बहिणीशी फोनवर बोलत होतो. बाहेर बर्फ. समोरून हात मागे बांधून, गटारं तपासायला निघाल्यासारखा एक माणूस आला आणि फोन संपेपर्यंत शेजारी शांतपणे उभा राहिला. मग म्हणाला, "मराठी दिसता. आत बसायला चालेल का? या अख्ख्या गावात एवढंच एक दार उघडं आहे."

ते आत बसले. दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वाचायला काही द्या." आता कबूल करतो: हे गृहस्थ पुन्हा लवकर येऊ नयेत म्हणून मी कपाटातलं सगळ्यात जाड आणि रूक्ष पुस्तक काढून दिलं. पोप ग्रेगरीची पत्रं, इंग्रजी भाषांतर. चौदाशे वर्षांपूर्वीच्या पोपचा पत्रव्यवहार. मला वाटलं, उन्हाळ्यापर्यंत सुटका झाली.

पुढच्या शनिवारी ते जाळीपलीकडे हजर.

"फादरसाहेब, तुम्ही मला सांगितलं का नाही? हा आमच्या खात्यातला माणूस आहे!"

"कोण?"

"ग्रेगरीसाहेब! पोप नंतर झाले. आधी काय होते? रोम शहराचे मुख्याधिकारी!"

ते खरं होतं. संन्यास घेण्यापूर्वी ग्रेगरी रोमचा शहरप्रमुख होता. सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शाळेत, मी ते वाचलं होतं आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. काकांनी ते असं सांगितलं, जणू बदलीच्या यादीत त्यांना जुन्या सहकाऱ्याचं नाव सापडलं.

त्या दिवसापासून दर शनिवारी मला ग्रेगरीसाहेबांच्या कारकिर्दीचा अहवाल मिळू लागला. मी देवविद्येचं शिक्षण घेतलेला माणूस. ग्रेगरी म्हणजे चर्चचा महान आचार्य, इंग्लंडला धर्मप्रचारक पाठवणारा, प्रवचनकार, संत. काकांना यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. ते फाइल वाचत होते.

"परिस्थिती काय आहे बघा. नदीला पूर येऊन धान्याची कोठारं गेलेली. गावात साथ. आधीचे पोपसाहेब त्या साथीतच वारले. शत्रू वेशीवर. आणि सम्राट कुठे? कॉन्स्टँटिनोपलला! शासन लांब बसलंय, अनुदान पाठवत नाही, वर खुलासे मागतंय. फादरसाहेब, हे तर आमचं रोजचं."

ग्रेगरीला पोप व्हायचं नव्हतं. त्याने सम्राटाला पत्र लिहून विनवलं की माझ्या निवडीला मान्यता देऊ नका. आणि रोममधल्या अधिकाऱ्याने ते पत्र मध्येच अडवलं, अशी हकीकत आहे. आम्हाला सेमिनरीत हे त्याच्या नम्रतेचं उदाहरण म्हणून शिकवलं होतं. काका म्हणाले, "बदली रद्द करण्याचा अर्ज. मधल्या टेबलावर दाबला. नोंद घ्या, चौदाशे वर्षांत काही फरक नाही."

गाढवांचं पत्र सापडलं तो शनिवार मी विसरणार नाही. ग्रेगरीने सिसिलीतल्या आपल्या कारभाऱ्याला लिहिलं होतं की तू एक रद्दड घोडा पाठवलास आणि पाच चांगली गाढवं. घोडा रद्दड म्हणून त्यावर बसता येत नाही, आणि गाढवं चांगली असली तरी गाढवंच, म्हणून त्यांच्यावरही बसता येत नाही. एवढं सांगून काका हसायला लागले ते थांबेनात. फळी हलायला लागली. "आम्हाला जीप मिळाली होती, फादरसाहेब. इंजिन नसलेली! आणि ड्रायव्हर मिळाले होते दोन!" बाहेर रांगेत त्या आजीबाईंनी घाईघाईने जपमाळ काढली.

ग्रेगरीला पित्ताचा आणि सांधेदुखीचा त्रास होता, काकांना दोन्ही. ग्रेगरी मठात राहायला लागल्यावर त्याची आई त्याला रोज चांदीच्या भांड्यातून शिजवलेलं कडधान्य पाठवायची. "आईचा डबा! उसळ!" असं म्हणून काकांनी ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. ग्रेगोरियन गायनाबद्दल मी म्हटलं की ते त्याच्या नावाने ओळखलं जातं, पण त्याने स्वतः ते रचलं असं आता कोणी मानत नाही. काका म्हणाले, "समितीने केलेलं काम साहेबांच्या नावावर जातं. नेहमीचं आहे."

गावावरही त्यांची नजर अशीच. इथे एका मैदानात माणसाहून उंच काँक्रीटची मक्याची कणसं ओळीने उभी केलेली आहेत. लोक फोटो काढतात. काका त्यांच्याभोवती एक फेरी मारून आले आणि मला म्हणाले, "बांधकाम उत्तम. पण हा खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकला असेल हो?"

इथवर सगळं वाचनावर होतं. मग त्यांना बारा गरिबांची गोष्ट सापडली. ग्रेगरी रोज बारा गरीब माणसांना आपल्या टेबलावर जेवायला बसवायचा, आणि स्वतः वाढायचा.

"याची अंमलबजावणी करता येण्यासारखी आहे," काका म्हणाले.

अडचण एकच होती. आमच्या भागात गरीब दिसत नाही. काका रोज हात मागे बांधून फिरायला जायचे आणि निराश होऊन परत यायचे. "कापलेलं गवत, दोन-दोन गाड्या. दारिद्र्यरेषेखाली कोणी नाही. योजना आहे, लाभार्थी नाहीत." आणि एका सकाळी त्यांना लाभार्थी दिसला. मागच्या गल्लीत एका घरापुढे, अगदी रस्त्याला लागून, घरातलं जेवणाचं टेबल, खुर्च्या, उभा दिवा असं सामान काढून ठेवलेलं होतं. नको झालेलं सामान इथे लोक असंच बाहेर ठेवतात; ज्याला हवं तो उचलून नेतो. पण ज्याने उभं आयुष्य नगरपालिकेत काढलं, त्याला रस्त्यावर काढलेल्या सामानाचा एकच अर्थ माहीत. जप्ती.

काकांनी जाऊन बेल दाबली. एका थकलेल्या, उंच म्हाताऱ्याने दार उघडलं. त्याचं नाव वॉल्टर.

"सर, घाबरू नका," काका इंग्रजीत म्हणाले. "कोण आले होते? कागद दाखवला का? कागदाशिवाय त्यांना सामानाला हात लावता येत नाही."

"कोण आले होते?" वॉल्टरने विचारलं.

"घरपट्टीवाले!"

पुढचा बराच वेळ दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नाही, असं वॉल्टर मला नंतर सांगायचा. शेवटी त्याने खुलासा केला. आदल्या वर्षी त्याची बायको गेली. मुलं लांब. दोन्ही बाजूंची घडीची पाती उघडली की या टेबलावर बारा माणसं बसतात, आणि तो एकटा. रोज त्याच्याकडे बघत उभ्यानेच जेवायचा. म्हणून बाहेर काढलं.

"बारा?" काकांनी विचारलं.

"बारा."

"जेवलात का आज?"

वॉल्टर जेवला नव्हता. काका त्याला घरी घेऊन आले, आणि संध्याकाळी ते टेबलही आलं. अभिजितच्या गॅरेजमध्ये ते मावलं, पण मग गाडी मावेना.

केतकी मुळात चांगली मुलगी. पण ऐन जानेवारीत पहाटे गाडीवरचा बर्फ खरवडताना कोणाचाही चांगुलपणा कमी होतो. "बाबा, गॅरेज कारसाठी असतं ना?" तिने विचारलं. "ग्रेगरीसाहेबांकडे कुठे कार होती," बाबा म्हणाले. ईरा नुसतं म्हणाली, "आजोबा, धिस इज सो एम्बॅरसिंग." कॉलनीच्या कमिटीकडून गॅरेजच्या वापराबद्दल विचारणा आली, तेव्हा काकांनी बसून तिला मुद्देसूद उत्तर लिहिलं, आणि खाली सही केली, 'सेवकांचा सेवक, श्री. गो. मुळे, निवृत्त'. ग्रेगरीही स्वतःला देवाच्या सेवकांचा सेवक म्हणवून घ्यायचा. कमिटीने पुन्हा काही विचारलं नाही. काकांच्या मते उत्तर समाधानकारक होतं. माझ्या मते त्यांना काय बोलावं ते सुचलं नसावं.

दर शनिवारी दुपारी बाराला पंगत बसू लागली. वॉल्टर कायमचा. ईराच्या शाळेची बस चालवणारी हालिमा, मूळची सोमालियाची, मुलं दुसऱ्या शहरात. कोलंबसच्या विद्यापीठात संशोधन करणारी नागपूरची ऋतुजा, आणि तिच्यासोबत दर वेळी नवी दोन-तीन उपाशी पोरं. कधी भिंत रंगवायला आलेला माणूस, कधी चुकीच्या दारात आलेला पाहुणा. यांतलं काटेकोरपणे गरीब कोणी नव्हतं. काकांनी निकष शिथिल केले होते.

ते स्वतः कधी बसत नसत. खांद्यावर पंचा टाकून खुर्च्यांच्या मागून फिरत वाढायचे, आणि जेवणाऱ्यांच्या पानाकडे अशा बारकाईने बघायचे की नवा माणूस बावरायचा. नंतर एकट्याने आत जाऊन पित्तासाठी मऊ भात आणि ताक घ्यायचे. तेवढंच त्यांचं जेवण. मग तीनच्या सुमारास जाळीपलीकडे. "आज नऊ पानं झाली, फादरसाहेब. वॉल्टरने दोनदा भात घेतला. पुढच्या शनिवारी तुम्ही या."

हे आमंत्रण दर शनिवारी असायचं आणि दर शनिवारी मी टाळायचो. अंत्यविधी आहे, मीटिंग आहे, बिशपांचा फोन येणार आहे. बहुतेक वेळा यातलं काहीच नसायचं. मी चर्चशेजारच्या घरात मायक्रोवेव्हसमोर उभा राहून खोक्यातलं जेवण संपवायचो आणि तीन वाजायची वाट बघायचो. का जात नव्हतो? लोकांची पापं ऐकणाऱ्याला लोकांसोबत जेवताना संकोच वाटतो, असं मी स्वतःला सांगायचो. खरं कारण त्याहून साधं होतं. एकदा तिथला वरणभात खाल्ला की ते खोक्यातलं पुन्हा घशाखाली उतरणार नाही, ही भीती.

शरद ऋतूत एका शनिवारी काकांनी किती पानं झाली ते सांगितलंच नाही.

"काय झालं, काका?"

"बदलीची ऑर्डर."

अभिजितला बेलव्ह्यूला चांगली नोकरी मिळाली होती. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे आधी अपार्टमेंटमध्ये राहायचं, म्हणजे गॅरेज नाही. इथलं घर विकायला काढलं होतं. काकांना मुलासोबत जायचं होतंच. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

"माझं सोडा. आमच्यात बदली झाली की बिस्तरा बांधायचा. पण योजना बंद पडते, फादरसाहेब. अधिकारी गेला की चांगली चाललेली योजना बंद पडते, हे मी आयुष्यभर पाहिलंय. वॉल्टर पुन्हा उभ्याने जेवायला लागेल. तुमच्या हॉलमध्ये हे टेबल ठेवून घ्याल का?"

आमच्या हॉलमध्ये जागा होती. पण घरी शिजवलेलं अन्न, आरोग्य खात्याचे नियम, चर्चची समिती, विमा; समितीतले लोक काय म्हणतील ते मला त्याच क्षणी दिसलं. तेव्हा सरळ 'जमणार नाही' म्हणायला हवं होतं, किंवा 'मी भांडतो' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "विचारून सांगतो."

"ठीक," काका म्हणाले. "विचाराधीन." हा शब्द ज्याने आयुष्यभर लोकांना ऐकवला, त्याला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मी समितीला विचारलं, नकार आला, आणि तो सांगायला मला शनिवारमागून शनिवार तोंड होईना.

त्यांच्या इथल्या शेवटच्या शनिवारी मात्र मी गेलो. नकार सांगायला म्हणून गेलो. गॅरेजचं दार वर केलेलं होतं, खोकी एका बाजूला रचलेली, मधोमध ते लांब टेबल. काकांनी मला बघितलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"या. आला का लाभार्थी!"

"मी?"

"मग? पहिल्याच आठवड्यात तुमची पाहणी झाली होती."

"कसली पाहणी?"

"कचऱ्याची. तुमचा डबा बाहेर असतो ना मंगळवारी? नुसती पुठ्ठ्याची खोकी. ओला कचराच नाही! फादरसाहेब, ज्या घरातून ओला कचरा निघत नाही, त्या घरात चूल पेटत नाही. अख्ख्या गावात गरीब सापडला तो एकच. आणि तो साहेब नेहमी मीटिंगमध्ये."

वॉल्टरने सरकून जागा केली. हालिमाने मान हलवून हसून स्वागत केलं. काकांनी माझं पान वाढलं: भात, वरण, मटकीची उसळ, कोबीची भाजी. आजूबाजूला सगळे जेवत होते. मी पहिला घास घेतला.

मीठ नव्हतं.

विसरलेत, असं वाटून मी उसळ घेतली. तीही अळणी. भाजी अळणी. मी मान वर केली तर समोरून ऋतुजा डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. ती पाण्याचा जग घेऊन उठली आणि मला खुणेने आत घेऊन गेली.

"फादर, प्लीज ना, काही बोलू नका."

"नेहमी असंच असतं?"

"पहिल्या दिवसापासून, यार. सॉरी, फादर. काका चाखून बघतच नाहीत. पानं वाढायच्या आधी अन्न उष्टं करायचं नाही म्हणतात, नैवेद्यासारखं. आणि स्वयंपाक शिकलेत व्हिडिओ बघून. त्यात सगळ्याचं माप असतं, मिठाचं नसतं. चवीनुसार घाला म्हणतात. आता चवच बघायची नाही तर घालणार किती? एवढ्या पातेल्याला चिमूटभर घालतात. नंतर स्वतः जेवतात ते ताकभात. त्यांना माहीतच नाही."

"आणि कोणी सांगितलं नाही?"

"कसं सांगणार? तुम्ही बघितलं ना, वाढताना त्यांचा चेहरा?"

तेवढ्यात काका वरण न्यायला आत आले आणि ऋतुजा जग भरून निसटली. मी विचारलं, "काका, तुम्ही सगळ्यांसोबत का बसत नाही?"

ते पातेल्यात डाव घालून उभे राहिले. "सवय नाही. ऑफिसच्या वेळा. सकाळी दहाला मी एकटा जेवायचो, ही वाढायची. रात्री उशिरा आलो की तेच. मग ती मागाहून जेवायची. एकदाही सोबत बसलो नाही हो. ती गेल्यावर तेराव्याला गुरुजींनी विचारलं, त्यांना काय आवडायचं, ते पानात वाढा." काकांनी वरण ढवळलं. "मला सांगता आलं नाही. शेजारच्या बाईंनी सांगितलं, त्यांना उसळ आवडायची. शेजारच्या बाईंनी, फादरसाहेब. म्हणून आता लोकांना जेवताना बघत असतो."

ते बाहेर गेले. मी त्यांच्या मागोमाग गेलो आणि तिथेच, सगळ्यांसमोर, इंग्रजीत एका दमात सांगून टाकलं. टेबल चर्चला घेता येणार नाही. समितीने नाही म्हटलंय. मला हे केव्हाच माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

"कल्पना होती," काका म्हणाले आणि वाढत राहिले.

वॉल्टरने तोंड पुसलं. तो बोलणारा माणूस नाही, तोही माझ्यासारखाच. "ते टेबल माझ्या घरातून आलंय," तो म्हणाला. "सोमवारी ते माझ्या घरी परत जातंय. तिथल्या जागेवर गालिच्यात अजून त्याच्या पायांचे खड्डे आहेत. ही ऋतुजा शिजवेल, हालिमा भाकरी आणेल, भांडी मी घासेन. शनिवारी बारा वाजता. माझं यांना विचारून झालंय." मग तो काकांकडे वळला. "म्हणजे आता या टेबलाचा यजमान मी. आणि यजमान सांगतोय, श्री, बस."

"असं कसं? वाढायचं आहे अजून. रीतसर हस्तांतरण झाल्याशिवाय..." काका मराठीतच बोलायला लागले होते.

मी त्यांच्या हातातला डाव काढून घेतला. "चार्ज मी घेतलाय, काका. बसा."

ते बसले. मुलाखतीला आलेल्या उमेदवारासारखे, खुर्चीच्या कडेवर. खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर ठेवला, पुन्हा खांद्यावर टाकला. मी त्यांना भात वाढला, वरण वाढलं, उसळ वाढली. ऋतुजा माझ्याकडे विनवणीने बघत होती. मी थांबलो नाही. काकांनी कालवलं, घास घेतला आणि चावता चावता थांबले. मग उसळीचा घास घेतला. मग भाजीचा.

"मीठ नाही."

ऋतुजाने डोळे मिटले.

"कशातच नाही!" त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "आजच?"

ऋतुजा पानाकडे बघत म्हणाली, "काका, यार..."

"म्हणजे दर वेळी? आणि दोन-दोनदा भात घेत होतात तुम्ही?"

वॉल्टरने काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, भारतात असंच खातात." हालिमाला हसू आवरेना, आणि मग सगळेच हसायला लागले. काकाही हसले, गाढवांच्या पत्राला हसले होते तसे, टोपी घसरेपर्यंत. टोपी सारखी करून ते पानाकडे बघत राहिले. मी शेजारीच डाव घेऊन उभा होतो, माझ्यापुरतंच ऐकू येईल असं ते म्हणाले, "हीही कधी काही बोलली नाही हो. सगळं बरंय म्हणायची."

मी मिठाची बरणी पुढे केली. त्यांनी नको म्हणून हात हलवला. पानातलं सगळं होतं तसंच, सावकाश, एकेक घास चावून संपवलं. मग मान वर न करता ताट माझ्यापुढे सरकवलं.

"भात वाढा थोडा."